सशाचे पिल्लू : उचलताना आणि पडल्यावर

वाढदिवसाची भेट म्हणून, कधी परीक्षेतल्या गुणांचे बक्षीस म्हणून, तर कधी बाजारात धरलेल्या हट्टापायी सशाचे पिल्लू शहरातल्या घरात येते. पहिले दोन दिवस कौतुकात जातात. शेजारची मुले पाहायला येतात, प्रत्येकाला ते एकदा तरी हातात घ्यायचे असते, आणि या हातातून त्या हातात जाताना केव्हातरी ते निसटते. पिल्लू क्षणभर फरशीवर निपचित राहते आणि मग धावत जाऊन कपाटाखाली दडते. ‘काही झाले नाही, पळाले की!’ असे म्हणून मोठी माणसे निःश्वास टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चाऱ्याला तोंड लावलेले नसते, किंवा पिल्लाचे मागचे पाय फरपटताना दिसतात.

हा अपघात टाळता येण्याजोगा आहे. झालाच, तर पहिल्या तासाभरात घरच्यांनी काय केले आणि मुख्य म्हणजे काय केले नाही, यावर बरेच काही अवलंबून असते. मात्र त्यासाठी ससा म्हणजे कापसाचा गोळा, ही समजूत आधी सोडून द्यावी लागते.

मणका का मोडतो?

सशाचा सांगाडा त्याच्या एकूण वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के भरतो. मांजरात हेच प्रमाण १२ ते १३ टक्के असते. हाडे अशी हलकी आणि ठिसूळ, पण मागच्या पायांचे स्नायू मात्र कमालीचे बळकट. बैलगाडीला रेल्वेचे इंजिन जोडावे, तसा हा प्रकार. जमिनीवर असताना या स्नायूंची ताकद उडी मारण्यात खर्ची पडते. ससा हवेत लोंबकळत असेल आणि घाबरून त्याने दोन्ही पाय एकदम झाडले, तर त्या झटक्याला टेकायला जमीन नसते. सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येतो. सशाला कमरेचे ७ मणके असतात. त्यातला शेवटचा आणि त्याच्या आसपासचा भाग सर्वांत आधी दगा देतो. तेथे मज्जारज्जूला इजा झाली, की मागचे पाय, लघवी आणि शौच यांवरचा ताबा जाण्याची भीती असते.

याचा अर्थ असा, की पाठ मोडण्यासाठी पिल्लू पडलेच पाहिजे असे नाही. ते हातात असतानाच, स्वतःच्याच लाथेच्या झटक्याने जायबंदी होऊ शकते. ‘आम्ही पाडले नाही’ असे शपथेवर सांगणाऱ्या घरातले पिल्लूही म्हणूनच कधीकधी लुळे पडलेले आढळते.

आणि ते एवढे घाबरते कशाला? पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची हाकाटी करीत धावणाऱ्या भित्र्या सशाची गोष्ट मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. गोष्टीतला ससा हास्यास्पद वाटतो, पण प्रत्यक्षातल्या सशासाठी तो अगदी शहाणपणाचा व्यवहार आहे. ज्याला घार, कोल्हा, कुत्रा आणि मुंगूस असे सगळेच खायला टपलेले, त्याने पान पडल्यावर थांबून विचार करणे परवडत नाही. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला मागचे आणि वरचेही दिसते, मात्र नाकाच्या अगदी पुढचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. वरून झेपावणारा हात त्याच्या लेखी घारीचा पंजा असतो. नाकापुढे अचानक आलेले बोट हा तर न दिसणारा शत्रू.

उचलण्याआधी बसावे

पिल्लू उचलण्याची सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे शक्यतो न उचलणे. माणसाने खाली जमिनीवर बसावे आणि पिल्लाला आपल्याकडे येऊ द्यावे. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या मांडीवरून पिल्लू उतरले, तर ते वीतभर उंचीवरून उतरते. उभ्या माणसाच्या छातीशी धरलेले पिल्लू निसटले, तर चार फुटांवरून पडते. उंचीतला हा फरक लक्षात घेतला, तरी निम्मे अपघात टळावेत. मांजर पडताना हवेत वळून पायांवर उतरते. सशाकडून त्या कसबाची अपेक्षा करू नये.

लहान मुलांसाठी तर हा नियम पक्काच असावा. सात-आठ वर्षांखालच्या मुलाने ससा हातात घेऊन उभे राहू नये, चालू तर मुळीच नये. मुलाला पाय पसरून भिंतीशी बसवावे, मांडीवर जाडसर टॉवेल घालावा आणि मोठ्या माणसाने पिल्लू त्यावर आणून ठेवावे. मुलाचा एक तळहात पिल्लाच्या पाठीवर, दुसरा पुढ्यात. आवळायचे नाही. लहान मुलांच्या प्रेमाची रीतच कवटाळण्याची असते आणि सशाला नेमके कवटाळणेच सोसत नाही.

उचलावेच लागले, उदाहरणार्थ पिंजरा साफ करताना किंवा दवाखान्यात नेताना, तर आधी हळू आवाजात बोलत बाजूने हात न्यावा आणि कपाळावरून दोनदा कुरवाळावे. मग एक हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे सरकवावा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने पार्श्वभाग खालून तोलून धरावा. मागच्या पायांना टेकायला तळहात मिळाला, की लाथ झाडण्याची गरज उरत नाही. पाठ ताणली जाऊ नये, ती नैसर्गिकपणे गोलसर राहावी. लगेच पिल्लाला अंगाशी धरावे आणि त्याचे तोंड कोपराच्या खोबणीत लपू द्यावे. काळोख मिळाला, की बहुतेक ससे शांत होतात. पिल्लू फारच चुळबुळे असेल, तर पंच्यात किंवा टॉवेलात नाक मोकळे ठेवून गुंडाळावे.

हातात असताना ते झटापट करू लागले, तर माणसाकडून दोन चुका होतात. एक तर पकड घट्ट होते, नाही तर हात सुटतो. दोन्ही घातक. अशा वेळी ते जसे धरले आहे तसेच अंगाशी ठेवून स्वतः चटकन गुडघ्यांवर बसावे आणि पिल्लू जमिनीवर उतरू द्यावे. पिंजऱ्यात ठेवतानाही असेच. ओळखीची जागा दिसली, की पिल्लू हातातूनच झेप घेते आणि पिंजऱ्याच्या कडेवर आदळते. म्हणून ते पाठमोरे, आधी पार्श्वभाग टेकवून आत ठेवावे.

कान धरून उचलणे ही जादूगारांनी आणि बाजारातल्या विक्रेत्यांनी रूढ केलेली क्रूर चाल आहे. ती पूर्णपणे वर्ज्य. केवळ मानेचे कातडे धरून लोंबकळत ठेवणेही तितकेच वाईट. उताणे केल्यावर ससा निश्चल होतो. त्याला ‘झोप लागली’, ‘संमोहन झाले’ असे समजून अनेक जण पाहुण्यांपुढे हा खेळ करून दाखवतात. प्रत्यक्षात ते भीतीने गोठणे असते. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर मेल्याचे सोंग आणण्याची ही निसर्गदत्त प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यातून बाहेर येताना ससा अकस्मात जोरदार लाथ झाडतो.

पडण्याच्या नेहमीच्या जागाही माहीत असाव्यात. सोफा आणि पलंग या झाल्या उघड जागा. स्वयंपाकघराचा ओटा किंवा टेबल यांवर ठेवून नखे कापण्याचा बेत अनेकदा अंगाशी येतो. नखे जमिनीवर बसून, मांडीवर कापावीत. ससा स्वतःला स्वच्छ ठेवतो, त्याला आंघोळ घालण्याची गरज नसते. तरीही बादलीत किंवा बेसिनमध्ये घातलेला ओला, घाबरलेला ससा साबणाच्या वडीसारखा निसटतो. गॅलरीच्या कठड्यातल्या फटी मोठ्या माणसाला अरुंद वाटतात, पण महिन्याभराचे पिल्लू त्यातून सहज जाते. तेथे बारीक जाळी लावून घ्यावी. नव्या इमारतींतल्या गुळगुळीत फरशांवर पिल्लांचे पाय फाकतात आणि सांधे दुखावतात. सतरंजी, चटई किंवा जुने पायपुसणे अंथरण्याचा खर्च काहीच नाही.

डोळे न उघडलेली पिल्ले

घरात नर-मादीची जोडी असेल, तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. सशाची मादी सुमारे ३१ दिवसांनी विते. पिल्ले जन्मतः उघडी, आंधळी आणि बहिरी असतात. वजन जातीनुसार साधारण ४० ते ६० ग्रॅम, म्हणजे एका लिंबाएवढे. आठवडाभरात लव येते, दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात ती घरट्याबाहेर डोकावू लागतात.

या काळातले पडणे हे माणसाच्या हातून कमी आणि आईमुळे अधिक होते. मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटांपुरती पिल्लांना पाजते आणि उडी मारून निघून जाते. एखादे पिल्लू आचळाला तोंडाने घट्ट धरून राहिले, तर ते तिच्याबरोबर ओढले जाते आणि घरट्याबाहेर पडते. मांजरी आपले पिल्लू तोंडात धरून जागेवर आणते. सशाची मादी तसे करीत नाही. बाहेर पडलेले पिल्लू तेथेच गारठून मरते. आई निष्ठुर झाली म्हणून नव्हे, तर बिळात राहणाऱ्या जातीला ही सवय लागण्याचे कारणच कधी पडले नाही म्हणून.

म्हणून सकाळ-संध्याकाळ घरटे पाहावे. घरट्याच्या खोक्याची पुढची कड साधारण १५ सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे बाहेर ओढले जाणारे पिल्लू तिला अडून आतच पडते. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हा समज पाळीव सशांच्या बाबतीत खरा नाही. हात धुऊन, कोरडे व कोमट करून पिल्लू निर्धास्त उचलावे. मात्र या पिल्लांना शरीराची ऊब स्वतःहून टिकवता येत नाही. गार पडलेले पिल्लू आधी ओंजळीत धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून उबदार करावे आणि मगच भावंडांत ठेवावे. गार पिल्लाला पाजण्याचा प्रयत्न करू नये, दूध फुप्फुसात जाते. पोट गोल, तट्ट दिसत असेल, तर ‘आई दिवसभर जवळ गेली नाही’ ही काळजी व्यर्थ आहे. तिने रात्रीच पाजलेले असते.

शहराच्या वेशीवर, माळरानात किंवा शेतात सापडणारे पिल्लू मात्र या सशाचे नव्हे. पाळीव ससा मूळचा युरोपातला, आपला रानससा वेगळ्या जातीचा. त्याचे पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचे असते, आई आसपास असली तरी दिवसा ते गवतात एकटेच बसून राहते. ते ‘अनाथ’ समजून घरी आणणे त्याच्या जिवावर बेतते, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हाही आहे. जखमी दिसले, तर वनविभागाला कळवावे.

पडल्यानंतरची पंधरा मिनिटे

पिल्लू पडल्याबरोबर आरडाओरडा होतो, चार हात एकदम पुढे येतात आणि ते जिवाच्या आकांताने पळते. मणक्याला तडा गेला असेल, तर या पळापळीत तडा वाढतो. म्हणून पहिली गोष्ट, सर्वांनी जागच्या जागी थांबावे. पंखा, टीव्ही बंद करावा, मुलांना आणि घरातल्या कुत्र्या-मांजराला दुसऱ्या खोलीत न्यावे. पिल्लू कोपऱ्यात गेले असेल, तर काठीने हुसकू नये. पाच मिनिटे लांबून नुसते पाहावे.

ते चारही पायांवर टाच टेकून चालते आहे का, मान एका बाजूला कलली आहे का, बुबुळे आपोआप इकडून तिकडे हलताहेत का, नाकातून वा तोंडातून रक्त येते आहे का, हे त्या पाच मिनिटांत कळते. ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर एक मिनिटही दवडू नये. हिरड्या पांढुरक्या, कान गार आणि अंग ढिले पडलेले असेल, तर ते शॉकचे लक्षण समजावे. मागचे पाय ओढले जात असतील, तर मणक्याची इजा गृहीत धरूनच पुढचे सर्व करावे.

अशा पिल्लाला हातांत उचलून न घेता त्याच्या अंगाखाली हलकेच एखादी सपाट, कडक वस्तू सरकवावी. चहाचा ट्रे किंवा जाड पुठ्ठा यासाठी उत्तम. पिल्लाच्या दोन्ही बाजूंना टॉवेलाच्या गुंडाळ्या लावाव्यात, म्हणजे ते घरंगळणार नाही. ट्रेसकट ते खोक्यात ठेवावे, खोक्याला हवेसाठी भोके असावीत आणि वरून कापड टाकून अंधार करावा. कान गार लागत असतील, तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. मे महिन्याच्या दुपारी मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. सशाला उष्मा सोसत नाही, बंद खोका उन्हातल्या गाडीत ठेवला, तर पडण्याने न झालेले उष्माघाताने होईल. रिक्षात खोका मांडीवर घ्यावा, पायाशी ठेवू नये.

रक्त येत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी हलक्या हाताने दाबून धरावी. मोडलेल्या नखातून येणारे रक्त चिमूटभर मैद्याने थांबते. पण जखमेवर हळद, मलम, जंतुनाशक लावण्याचा मोह आवरावा, कारण ससा ते सर्व चाटून काढतो. पाय लोंबत असेल, तर घरच्या घरी काड्या बांधून आधार देण्याच्या भानगडीत पडू नये. तोंडात पाणी, साखरपाणी, दूध, काहीही ओतू नये.

घरातल्या औषधांच्या डब्याला तर हातच लावू नये. माणसांची वेदनाशामके अंदाजाने द्यायची नसतात, हे निदान ऐकून माहीत असते. पण उरलेले प्रतिजैविक ‘संसर्ग होऊ नये म्हणून’ चिमूटभर देणारे लोक भेटतात. घरोघरी आढळणारे अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधे सशाच्या पोटात गेली, तर आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत ससा दगावतो. पडण्यातून वाचलेले पिल्लू औषधाने गमावण्याची ही हकिगत असते.

दवाखान्यात

प्रत्येक पशुवैद्यकाला सशांचा अनुभव असतोच असे नाही. शहरातल्या दवाखान्यांत बहुतांश रुग्ण कुत्री आणि मांजरे असतात. त्यामुळे ससा घरी आला त्याच आठवड्यात, काहीही झालेले नसताना, ‘तुम्ही ससे पाहता का?’ असे दोन-तीन ठिकाणी विचारून एक क्रमांक फ्रिजच्या दारावर लावून ठेवावा. मुंबईकरांना परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तेथलेच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय हे जुने आधार ठाऊक असतात. अन्यत्र चौकशी आधीच करणे बरे.

डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात. किती उंचीवरून पडले, किती वाजता पडले आणि त्यानंतर काही खाल्ले का. एक्स-रे काढला जातो, वेदनाशामक दिले जाते, शॉक असेल तर सलाईन आणि ऊब. वाढत्या पिल्लांची हाडे टोकाशी कोवळी असतात आणि तेथला अस्थिभंग पुढे पायाची वाढ बिघडवू शकतो, म्हणून किंचित लंगडणेही दाखवून घ्यावे. तोंडावर आपटलेल्या पिल्लाचे पुढचे दात पाहून घ्यावेत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. जबडा वाकडा जुळला, तर दात एकमेकांवर न घासता लांबत जातात आणि खाणे कठीण होते.

मणक्याची इजा असली, तरी लगेच आशा सोडण्याचे कारण नाही. मज्जारज्जू तुटला नसून त्याला केवळ सूज आली असेल, तर लहान जागेत सक्तीची विश्रांती, वेदनाशामक आणि शुश्रूषा यांवर काही आठवड्यांत पायात बळ परतते. लघवी साचत असेल, तर मूत्राशय हलक्या दाबाने रिकामे करण्याची पद्धत डॉक्टर शिकवतात. पण पायाच्या बोटाला जोरात चिमटा घेऊनही पिल्लाला काहीच जाणवत नसेल, तर सुधारणेची शक्यता फार थोडी उरते. अशा वेळी डॉक्टर वेदनारहित मरणाचा विषय काढतात. त्यावर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे.

पुढचे चोवीस तास

काहीच झालेले दिसत नाही, पिल्लू टुणटुणीत आहे, तरीही पहिले २४ तास पहाऱ्याचे. ससा वेदना लपवतो. शिकाऱ्यापुढे दुबळेपणा दाखवणे म्हणजे मरण ओढवून घेणे, ही शिकवण त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे तो रडत-ओरडत नाही, फक्त गप्प होतो. कुबड काढून एका कोपऱ्यात बसणे, डोळे अर्धवट मिटणे, दात कराकरा खाणे ही वेदनेची चिन्हे.

सर्वांत खरी बातमी मिळते ती लेंड्यांवरून. सशाची आतडी सतत चालू राहावी लागतात. वेदनेने वा भीतीने खाणे थांबले, की ती मंदावतात, पोटात वायू धरतो, आणि त्या वेदनेने खाणे आणखी थांबते. म्हणून पिंजऱ्यात जुने वर्तमानपत्र किंवा पांढरे कापड अंथरून लेंड्या मोजाव्यात. १० ते १२ तासांत चारा खाल्ला नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर पुन्हा दवाखाना गाठावा, मग रात्र असो वा सुटी. लघवी तांबूस दिसली, तर घाबरून जाऊ नये. खाल्लेल्या पाल्यातल्या रंगद्रव्यांनीही ती तशी होते. मात्र थेंबाथेंबाने होत असेल किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर ती इजाच.

पिल्लाला पिंजऱ्यात एकाच पातळीवर ठेवावे, फळी वा शिडी काढून टाकावी. वाळलेले गवत, पाणी आणि ओळखीचा थोडा पाला तोंडाजवळ ठेवावा. भावंड किंवा जोडीदार असेल आणि तो त्रास देत नसेल, तर जवळ राहू द्यावा. एकटेपणाने ससा आणखी खचतो.

या सगळ्यात ज्याच्या हातून पिल्लू पडले, ते मूल बहुधा दाराआड उभे असते. त्याला रागावण्याचे तोटे व्यवहारातही दिसतात. बोलणी खाल्लेले मूल पुढच्या वेळी अपघात लपवते, पिल्लू गुपचूप पिंजऱ्यात ठेवून देते आणि मोठ्यांना ते संध्याकाळी कळते, तोवर दिवस गेलेला असतो. ‘केव्हा पडले, कसे पडले’ हे डॉक्टरांना सांगू शकणारा एकमेव साक्षीदार तेच असते. त्याला दवाखान्यात बरोबर न्यावे, त्यालाच सांगू द्यावे. लेंड्या मोजण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवावे, मुले ते फार काटेकोरपणे करतात.

पिल्लाच्या वयाचा मुद्दाही येथेच येतो. आईचे दूध सुटायला आठ आठवडे लागतात. रस्त्याकडेला टोपलीत मांडलेली मुठीएवढी पिल्ले बहुधा त्याहून लहान असतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम केले, नोंदणी सक्तीची केली. टोपलीवाल्यांना त्याचे सोयरसुतक नाही. इतके कोवळे पिल्लू घरी आणू नये, आणि त्यातही ते लहान मुलाच्या हाती देऊ नये. ससा आठ ते बारा वर्षे जगतो. आज चौथीत असलेले मूल महाविद्यालयात जाईपर्यंत तो घरात असणार आहे, हेही विकत घेताना ध्यानात असावे.

बरे झालेले पिल्लू काही दिवस हाताला घाबरते. हात दिसला, की मागे सरकते, पाय आपटते. त्याला ओढून काढून ‘सवय लावू’ नये. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून, सतरंजीवर कोथिंबिरीच्या दोन काड्या घेऊन मुलाने नुसते बसावे, वाटल्यास गृहपाठ करावा. चार दिवसांनी म्हणा, पंधरा दिवसांनी म्हणा, पिल्लू आधी वहीचा कोपरा हुंगते, मग काडी ओढून घेऊन पळते. आणखी काही दिवसांनी ते काडी तेथेच बसून खाऊ लागते.